फट नसलेलं दार

"यातला ‘प्रशस्त’ शब्द काढा," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, ही जाहिरात आहे. पंचनामा नाही," दलाल म्हणाला.

"हॉल चौदा फूट बाय साडेदहा फूट आहे. प्रशस्त म्हणजे नक्की किती बाय किती?"

दलालाने खिडकीबाहेर पाहिलं. समुद्राला असले प्रश्न कुणी विचारत नाही, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. शेवटी ‘प्रशस्त’ राहिलाच. जाहिरात छापून आली: पाण्याकाठच्या जुन्या, भक्कम इमारतीत, संपूर्ण नूतनीकरण केलेला, प्रशस्त, एका बेडरूमचा फ्लॅट. समुद्रदर्शन. भरपूर उजेड, भरपूर वारा. लिफ्टबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हतं, कारण इमारतीला लिफ्टच नव्हती. ‘तिसरा मजला’ याचंही दलालाने ‘वरचा मजला’ करून टाकलं होतं.

निरीक्षक म्हणजे वजनमापं खात्याचे निवृत्त निरीक्षक. तेहेतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. पारड्याच्या पोटाला चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना दहा पावलांवरून दिसत असे, आणि एकदा दिसला की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळत असे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखत नव्हतं, आणि भाजीवाले त्यांना बघितलं की आपणहून एक टोमॅटो जास्तीचा टाकत. अशा माणसावर उतारवयात स्वतःच्या घराच्या पोटाला मेण लावायची वेळ आली होती.

कारण होतं बायकोचे गुडघे. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद. तेव्हापासून ती बिचारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होती. खाली उतरलं तर परत वर चढायचं कसं, म्हणून उतरायचंच नाही. तिन्ही जिने चढून भेटायला येणारी माणसं आधी महिन्याने यायची, मग फोन करायची, मग फोनही सणासुदीपुरते राहिले. ती तक्रार करत नसे. पण संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की मान वळवून दाराकडे बघायची, आणि पाऊल दुसऱ्या मजल्यावरच थांबलं की पुन्हा समुद्राकडे. निरीक्षकांना हे बघवत नसे.

म्हणून त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्याचं एक घर शोधलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे लिंबाचं झाड. दलाल हाच. घरमालकीण बाहेर गेली असताना त्याने ते दाखवलं होतं.

"कसं आहे हो घर?" बायकोने त्या दिवशी विचारलं.

"पुढची खोली बारा बाय अकरा."

"ते झालं. पण आहे कसं?"

"सांगितलं की!"

त्या घराची मालकीण मात्र फार हट्टी होती, असं दलालाचं म्हणणं. आज संध्याकाळी सहापर्यंत होकार आणि विसार मिळाला तर ठीक, नाहीतर ती घर दुसऱ्याला देणार होती. विसार द्यायचा तर आधी हा फ्लॅट कुणीतरी पसंत करायला हवा. म्हणजे जे व्हायचं ते आज सहाच्या आत व्हायला हवं होतं.

तयारीत कसूर नव्हती. अडीच महिने घरात गवंडी, रंगारी आणि नळवाले नांदत होते. बावीस वर्षं गळणारा स्वयंपाकघरातला नळ दोन दिवसांत बदलला गेला.

"मी त्या नळाला चिंध्या बांधून बांधून स्वयंपाक केला," बायको म्हणाली.

"अगं, आता घ्यायला येणारी माणसं बघणार ना!"

"हो ना. मी काय, नुसतीच राहत होते."

भिंतीवरचा ओलीचा डाग तेवढा बधला नाही. तीनदा रंग दिला, तिन्ही वेळा तो नव्या रंगातून वर आला. तेव्हा दलालाने त्यावर एक भलाथोरला आरसा टांगला. "समुद्र दोनदा दिसतो, साहेब," तो म्हणाला. निरीक्षक मूग गिळून बसले. खिडक्या सतत उघड्या ठेवायच्या, वहिनींची काठी पडद्यामागे ठेवायची, आणि विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, अशा त्याच्या सूचना होत्या.

या सगळ्या लपवाछपवीत निरीक्षकांना अभिमान वाटावा अशी घरात एकच गोष्ट होती. ती म्हणजे बाथरूमचं नवं दार.

"साहेब, खाली-वर बोटभर फट ठेवतो," सुतार म्हणाला होता. "समुद्राची हवा आहे. लाकूड फुगतं."

"बोटभर म्हणजे किती? कुणाचं बोट?"

"माझंच धरा की."

"तुमचं बोट हे माप नाही."

निरीक्षकांनी चौकट सात ठिकाणी मोजली आणि मिलिमीटरमध्ये आकडे लिहून दिले. सुताराने आकड्याबरहुकूम दार केलं. ते बसलं तेव्हा निरीक्षकांनी फटीत पोस्टकार्ड सरकवून बघितलं. सरकलं नाही. त्यांना भरून आलं. सुतार हत्यारं गोळा करत म्हणाला, "दार झकास झालंय, साहेब. माझा नंबर तेवढा जवळ ठेवा."

बरोबर चारला दलाल पहिल्या पार्टीला घेऊन वर आला. पार्टी म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी त्या मोठ्याच राहिल्या होत्या. तीन मजले चढूनही त्यांना धाप लागली नव्हती. दलाल घामाघूम झाला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुसरी पार्टी कोपऱ्यावर येऊन रस्ता चुकली होती.

"दहा मिनिटांत आलो," तो निरीक्षकांच्या कानाशी लागला. "तुम्ही काही समजावू नका. काहीही विचारलं तरी फक्त ‘हो’ म्हणा."

मोठ्या बाईंनी पर्स आणि फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले आणि घर तपासायला घेतलं. नळ सोडला, बंद केला. कपाट उघडलं, आत डोकावलं. आरशासमोर उभ्या राहिल्या, त्याचा कोपरा दोन बोटांनी उचलला, मागे पाहिलं, पुन्हा ठेवला आणि "हं," म्हणाल्या. निरीक्षकांच्या तळहाताला घाम सुटला. तेहेतीस वर्षांत जे त्यांनी शेकडो लोकांना करायला लावलं होतं, ते पहिल्यांदाच ते स्वतः करत होते.

"बाथरूम?"

"हो," निरीक्षक म्हणाले.

"कडी नीट लागते का बघते. घराची खरी परीक्षा कडीवर होते." त्या आत गेल्या. दार बंद झालं. बंद होताना ‘भप्प’ असा आवाज झाला, घट्ट झाकण बसल्यासारखा.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे, दलालाच्या आज्ञेवरून गेले चार दिवस घराच्या खिडक्या उघड्या होत्या आणि समुद्राची ओली हवा घरात मुक्कामाला होती. दुसरी म्हणजे, नवा गीझर दाखवायच्या आधी तपासलेला बरा, म्हणून निरीक्षकांनी साडेतीनपासून अर्धा तास गरम पाणी सोडून ठेवलं होतं. आत वाफेचा ढग साचला होता.

"ऐकलंत का?" आतून आवाज आला.

"हो."

"कडी चांगली आहे."

"हो."

"मी ती काढलेली आहे. दार निघत नाहीये."

‘हो’ म्हणायची सोय राहिली नाही. निरीक्षकांनी दार तळहाताने हलकेच ढकललं.

"अहो, खांदा लावा!" बायको खुर्चीतून म्हणाली.

"रंग नवा आहे."

"आत माणूस आहे! रंग कसला बघताय?"

त्यांनी खांदा लावला. मग पाठ लावली. आतून बाईंनी ओढलं. दार तसूभर हललं नाही. सात ठिकाणी मोजलेलं होतं, ते सातही ठिकाणी बसलं होतं. मग आत काहीतरी खणखणलं.

"तुमच्या दाराची मूठ माझ्या हातात आली आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नवीन आहे ती," निरीक्षक म्हणाले.

"नवीनच दिसतेय."

त्यांनी सुताराला फोन लावला. ‘हॅलो’ म्हणायच्या आधीच तिकडून आवाज आला, "अडकलं ना?" आत कोण आहे हे ऐकल्यावर मात्र तिकडे शांतता पसरली. फोनवर हात ठेवून माणूस हसतो तेव्हा जशी पसरते तशी. मग सुतार म्हणाला, "मी पार त्या टोकाला आहे, साहेब. अर्धं कपाट उघडं पडलंय. दीड तास तरी लागेल."

"दीड तास म्हणजे नक्की किती—"

फोन बंद झाला होता. एव्हाना बायको भिंत धरत धरत उठली होती आणि एक स्टूल ओढून बाथरूमच्या दाराशी जाऊन बसली होती.

"बाई, घाबरू नका हं. चहा ठेवला असता, पण द्यायचा कसा? दाराखालून बशी—"

"दाराखाली फट नाही," निरीक्षक म्हणाले. कालपर्यंत ते हे वाक्य दलालाला कौतुकाने सांगत होते.

"मी ठीक आहे," आतून आवाज आला. "बादली पालथी घालून बसलेय. खिडकीतून बोटी दिसतायत."

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. निरीक्षकांनी वाचलं: धाकटी नणंद. "उचलू का?"

"मुळीच नको."

तो थांबला आणि पुन्हा वाजला. या वेळी भाचा होता. मग समोरच्या काकू, मग पुन्हा धाकटी नणंद. प्रत्येक वेळी आतून ठाम नकार आला, आणि निरीक्षकांना वाटलं की दर नकाराला बाईंचा आवाज थोडा खुलतोय.

जिन्यात पावलं वाजली. दलाल दुसरी पार्टी घेऊन आला होता. नवरा-बायको, दोघं तिशीच्या आतबाहेर, तिच्या कडेवर वर्षाचं मूल. दारातच निरीक्षकांनी दलालाला गाठलं.

"बाई आत अडकल्यात."

"आत म्हणजे?"

"बाथरूममध्ये."

दलालाने डोळे मिटले, मनाशी काहीतरी ठरवलं आणि उघडले. "कुठे बोलायचं नाही," तो पुटपुटला, आणि वळून मोठ्याने म्हणाला, "या, या! बघा काय वारा आहे!"

जोडप्याला घर आवडलं. खिडकी आवडली. आरशात समुद्र दोनदा दिसतो हे तर फारच आवडलं.

"बाथरूम बघू या ना," ती म्हणाली.

"बाथरूममध्ये जरा शेवटचा हात फिरवणं चाललंय," दलाल म्हणाला. "टाइल्स मात्र एकदम—"

"टाइल्स चांगल्या आहेत," दारामागून आवाज आला. "उतारही बरोबर दिलाय. पाणी साचत नाही."

तरुण नवऱ्याने दाराकडे पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या निरीक्षकांच्या बायकोकडे. "कोण आहे आत?"

"मी. मी पण हेच घर बघायला आलेय. तुमच्या आधी."

दलालाची काळजी एका क्षणात मिटली. घर एक आणि घ्यायला दोघं, त्यातला एक तर हलूही शकत नाही! त्याने असा योग आयुष्यात पाहिला नव्हता. "बघा साहेब," तो नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बाई तर सोडायलाच तयार नाहीत. जाऊन बसल्यात." नवरा-बायकोंची नजरानजर झाली. मघापर्यंत घर नुसतं आवडलेलं होतं, आता ते त्यांना हवंसं वाटायला लागलं होतं.

"आमचं जवळजवळ पक्कं समजा," नवरा म्हणाला. मग मूल दुसऱ्या कडेवर घेत त्याच्या बायकोने निरीक्षकांना विचारलं, "काका, फक्त एक सांगा. ती लिफ्ट दुरुस्त होऊन कधीपर्यंत चालू होईल?"

निरीक्षकांनी दलालाकडे बघितलं. दलाल छताकडे बघत होता. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. एक शब्द बोलायचा आणि तळमजल्याचं घर मिळवायचं. बायको स्टुलावरून त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिच्यासमोर ते कधी खोटं बोलले नव्हते. आरशाच्या वेळीसुद्धा नुसते गप्प बसले होते.

"हो," ते म्हणाले.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे..."

"मलाही खाली हेच सांगितलं, लिफ्ट दुरुस्तीला आहे," दारामागून आवाज आला. "म्हणून मी तळमजल्यावर लिफ्टचं दार शोधलं. दारच नाही. जी वस्तू नाहीच ती दुरुस्त कशी करतात? चौपन्न पायऱ्या आहेत, बाळ. मी मोजल्यात. मूल घेऊन रोज चढणार आहेस का?"

"लिफ्ट नाही," निरीक्षक म्हणाले, "कधीच नव्हती. माफ करा." हे बोलून टाकल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की पुढचा सगळा विचार एकदम कोसळला आणि पुन्हा जड झालं. जोडपं निघून गेलं. "अहो, थांबा तरी! जागा आहे हो लिफ्टला! जागा आहे!" असं ओरडत दलाल त्यांच्यामागे जिना उतरून गेला.

"जाऊ द्या," बायको म्हणाली. "बरं केलंत."

"बरं काय केलं? सहाला ती बाई घर दुसऱ्याला देणार. तुला आणखी वर्षभर इथेच बसावं लागेल." निरीक्षक दाराशी जमिनीवरच बसले. चारचौघांत जमिनीवर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. "बाई, आता तुम्हीच काय ते सांगा. घर तुम्हाला हवंय का?"

"हवंय. पण सहाच्या आत मला बाहेर काढा. माझं राहतं घर विकल्याशिवाय हे घेता येणार नाही, आणि त्या गिऱ्हाइकाने सहापर्यंतचीच मुदत घातलीये."

"तुम्हालाही सहाच? आमचीही सहाच. आमची बाई तर फार हट्टी आहे म्हणे. एक मिनिट थांबायची नाही."

"तुमची हट्टीच आहे ना! आमचा माणूस विक्षिप्त. मी नसताना घर बघायला आला आणि अर्धा तास नाण्याने भिंती वाजवत बसला. शेजारणीने डोळ्यांनी पाहिलं. तिला वाटलं, पुरलेलं धन शोधतोय. आणि वर निरोप पाठवला, पुढची खोली जाहिरातीपेक्षा नऊ इंच कमी भरते!"

बायकोने मान हळूहळू निरीक्षकांकडे वळवली.

"नऊ इंच?" तिने विचारलं.

"नऊ," ते खाली बघत म्हणाले.

"बाई," बायको दाराला म्हणाली, "तुमच्या घरामागे लिंबाचं झाड आहे का हो?"

आत बादली सरकली. "म्हणजे ते नाणंवाले तुम्ही!"

"आणि त्या हट्टी बाई तुम्ही!"

"मी कसली मुदत घातली नव्हती."

"मी पण नाही," निरीक्षक म्हणाले.

"खोली नऊ इंच कमी नाहीये. भिंतीत कपाट आहे. त्याच्या मागच्या कडेपासून मोजायचं."

"कपाटाची खोली धरत नाहीत," निरीक्षक म्हणाले. पण बायकोने डोळे वटारले तेव्हा त्यांनी तो मुद्दा तिथेच सोडला.

जिन्यात दलालाची पावलं वाजली. "शू," मोठ्या बाई आतून म्हणाल्या. "त्यांना बोलू द्या. गोंधळ घालणाऱ्या वर्गावर एकदम धाड टाकायची नसते. आधी दाराआडून ऐकायचं असतं."

दलाल धापा टाकत आला. बाथरूमकडे एक चोरटी नजर टाकून त्याने निरीक्षकांना लांब खिडकीशी नेलं आणि आवाज अगदी खाली आणला. "गेली ती पार्टी. पण काळजी नको. मी आत्ता जिन्यातून तळमजल्याच्या बाईंना फोन लावला."

"काय? तळमजल्याच्या बाईंना फोन लावला?" बायको स्टुलावरून खणखणीत आवाजात म्हणाली. "आत्ता?"

"हळू, वहिनी... हो, आत्ताच. हातापाया पडलो त्यांच्या."

"आणि त्या बोलल्या तुमच्याशी? कुठे आहेत म्हणाल्या?"

"घरीच. दुसरी पार्टी समोर बसलीये त्यांच्या. साहेबांनी थोडं वाढवून दिलं, तरच साडेसहापर्यंत थांबते म्हणाल्या."

"अगं बाई! वाढवून द्या म्हणाल्या?"

"हट्टीच आहेत हो! मी तर कंटाळलो."

"मी कुठल्या फोनवर बोलले?" बाथरूममधून आवाज आला. "माझा फोन ओट्यावर आहे."

दलालाने ओट्याकडे पाहिलं. बाईंचा फोन तिथे उताणा पडला होता आणि अगदी वेळ साधून वाजायला लागला. धाकटी नणंद. दलाल खुर्चीत बसला. बायकोची खुर्ची होती, पण तिने हरकत घेतली नाही.

"तुमची दोघांची गाठ मी घालून देणारच होतो," तो म्हणाला. "पण माणसं भेटली की घोटाळा होतो, साहेब. खरं बोलायला लागतात."

सुतार पावणेसहाला उगवला. दारावरून त्याने तळहात फिरवला, खालच्या कोपऱ्यात थांबला, तिथे फळीचा तुकडा धरला आणि "बाई, बाजूला व्हा," म्हणून दोन ठोके घातले. दार उघडलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. मोठ्या बाई बाहेर आल्या, वाफेने ओलसर झालेला चष्मा पुसला आणि हातातली मूठ निरीक्षकांना दिली.

"रंधा मारतो," सुतार म्हणाला. "किती काढू?"

निरीक्षक दाराकडे बघत राहिले. "बोटभर."

"कुणाचं?"

"तुमचंच."

एकदा सुरुवात झाल्यावर मग निरीक्षकांना राहवेना. त्यांनी आरसा स्वतःच्या हाताने उतरवला. "हा डाग दरवर्षी येतो. पुढच्या वर्षीही येईल. पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत येतं. वर येणारी भाजी दुप्पट भावाने येते, आणि तीन जिने चढून तुमच्याकडे कुणीही फिरकणार नाही. आम्ही बघतोय ना."

"कुणीही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कुणीही."

"नक्की?"

"हे गवंडी-रंगारी सोडले तर वर्षभरात मोजून पाच माणसं आली. त्यातला एक गॅसवाला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "मग तुम्हीही ऐकून ठेवा," त्या म्हणाल्या. "माझं घर चांगलं आहे, पण त्यात राहता येत नाही. ओटा रस्त्याला लागून आहे. जाणारा-येणारा टेकतो. नणंद बाजारातून येताना बसते, भाचा ऑफिसातून येताना. समोरच्या काकू सकाळी पेपर वाचायला येतात आणि दुपारी जेवून जातात. दार लावलं तर काळजीने वाजवत बसतात. चाळीस वर्षं शाळेत पोरांचा गलका ऐकला, म्हटलं निवृत्त झाल्यावर तरी शांतता मिळेल. आज तुमच्या त्या बादलीवर दीड तास बसले. दहा वर्षांत इतकी गप्प मी कधी बसले नव्हते."

बायको इतका वेळ नुसती ऐकत होती. "रोज येतात?" तिने विचारलं.

"रोज."

"न सांगता?"

"सांगून कोण येतंय!"

बायको स्टुलावरून उठली. भिंत न धरता उठली, हे निरीक्षकांनी पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "माझ्या चपला कुठे ठेवल्यात?"

"चपला? कशाला?"

"घर बघायला जायचंय."

"अगं, चौपन्न पायऱ्या! आणि परत चढायचं कसं?"

"आधी उतरू तर द्या. चढायचं उद्या बघू."

मग एक मिरवणूकच निघाली. पुढे दलाल स्टूल घेऊन, कारण त्याला कुठेतरी लपायची गरज होती आणि स्टूल हातात असलं की माणूस कामाचा दिसतो. मागे मोठ्या बाई आणि निरीक्षक, दोघांच्या मधे बायको. दर आठ-दहा पायऱ्यांनी दलाल स्टूल मांडायचा, ती बसायची, गुडघे चोळायची आणि पुन्हा उठायची. वर सुताराचा रंधा खसखस चालला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून "अय्या, तुम्ही!" म्हटलं आणि कौतुकाने बघत राहिल्या. खाली पोचायला अर्धा तास लागला. वाटेत निरीक्षकांनी दलालाचं काय करायचं असं कुजबुजून विचारलं.

"त्यांची दलाली त्यांना द्या," बायको म्हणाली. "दोन माणसं एकमेकांपासून लपवून ठेवायची म्हणजे काय कमी मेहनत आहे?"

टॅक्सीने ते गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा सहा केव्हाच वाजून गेले होते. ओट्यावर चार माणसं बसली होती. मोठ्या बाई उतरताच त्यातली एक उठून अंगावरच आली.

"अगं, होतीस कुठे? चौदा फोन केले! आम्हाला वाटलं, काय झालं काय नाही!" ही धाकटी नणंद.

"काही झालं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ह्या ताई. आता ह्या इथे राहणार."

चारही जणांनी बायकोकडे पाहिलं. ती टॅक्सीच्या दाराला धरून उभी होती, घामेजलेली, दुखणाऱ्या गुडघ्यांवर. निरीक्षकांना वाटलं, आता ती म्हणेल, मला कुठेतरी टेकू द्या.

"मग तुम्ही बाहेर का बसलात?" ती म्हणाली. "या ना आत! चहा ठेवते."

मोठ्या बाईंनी कुलूप काढलं आणि घर अजून दुसऱ्याचं आहे, कागद व्हायचेत, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. नणंदेने बायकोला हाताला धरून आत नेलं. साखर कुठल्या डब्यात, चहा कुठल्या, हे समोरच्या काकूंनीच सांगितलं. भाच्याने खुर्ची आणली. आतून हसण्याचा आवाज आला. त्यातलं एक हसणं निरीक्षकांना ओळखीचं वाटलं, पण बऱ्याच दिवसांत ऐकलं नसल्याने क्षणभर कुणाचं ते कळलं नाही.

त्यांनी मोठ्या बाईंना शोधलं. त्या टॅक्सीजवळच उभ्या होत्या.

"तुमच्या फ्लॅटची किल्ली देता का?" त्या हळूच म्हणाल्या. "सुतार जायच्या आत पोचते. जरा संध्याकाळ तिथे बसून बघते."

"पण तुमची ही सगळी माणसं आत—"

"आता तुमची," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि किल्ली घेऊन टॅक्सीत बसल्या. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली.

"अहो!" बायकोची आतून हाक आली. "कप कमी पडतायत. शेजारून चार कप मागून आणा!"

शेजारी कोण राहतं हे निरीक्षकांना ठाऊक नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ते गेले, दार वाजवलं आणि चार कप मागितले. शेजारणीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत गेली आणि सहा कप घेऊन आली.

"चार सांगितलेत," निरीक्षक म्हणाले.

"आम्ही दोघंही येतोय ना," ती म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारून तिने पायात चपला अडकवल्या.